बँकेत अडकलेला पैसा परत कसा मागावा

एटीएममधून नोटा आल्या नाहीत, तरी खात्यातून पैसे वजा झाले. मोबाइलवरून भावाला पाठवलेली रक्कम इकडून गेली आणि तिकडे जमाच झाली नाही. गृहकर्ज फिटून चार महिने झाले, तरी घराची मूळ कागदपत्रे बँकेच्याच कपाटात आहेत. अशा वेळी लोक हमखास विचारतात: हे बँक देणे लागते का, आणि लागत असेल तर ते मिळायला किती हेलपाटे घालावे लागतात?

बँक देणे लागते का, याचे उत्तर बहुतेक वेळा ‘हो’ असे आहे. नेहमी घडणाऱ्या प्रकारांसाठी रिझर्व्ह बँकेने मुदत ठरवली आहे आणि मुदत उलटली तर रोजची भरपाईही ठरवली आहे. हेलपाटे किती, हे मात्र बरेचसे ग्राहकाच्या पहिल्या अर्जावर ठरते. शाखेत जाऊन तोंडी विनंती करणाऱ्याला ‘हेड ऑफिसला मेल केलाय, येतील आपोआप’ एवढे ऐकवून परत पाठवता येते. तारीख, रक्कम आणि नियम लिहून पोच घेणाऱ्याला तसे परत पाठवता येत नाही, कारण त्या पोचेपासून बँकेवर मुदतीचे बंधन येते.

१. आधी प्रकार ओळखावा

‘पैसे गेले’ या एका वाक्यात चार वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात आणि प्रत्येकीचा नियम वेगळा आहे.

पहिली, फसलेला व्यवहार. तो ग्राहकाने स्वतःच केला, पण यंत्रणेत कुठेतरी अर्धवट राहिला. दुसरी, ग्राहकाने न केलेला व्यवहार. म्हणजे कोणीतरी परस्पर पैसे काढले. तिसरी, बँकेने स्वतः चुकीचे कापलेले किंवा अडवून ठेवलेले पैसे: न सांगता लावलेले शुल्क, मृत खातेदाराच्या वारसांना न दिलेली ठेव. चौथी, ग्राहकाने स्वतः चुकीच्या खात्यावर पाठवलेले पैसे.

चौथ्या प्रकारात बँकेची जबाबदारी सर्वांत कमी. ऑनलाइन पैसे जमा होतात ते केवळ खाते क्रमांक पाहून. नाव जुळते की नाही हे तपासण्याचे बंधन पैसे घेणाऱ्या बँकेवर नाही. एक आकडा चुकला आणि तो दुसऱ्या कोणाचा खाते क्रमांक निघाला, तर बँक त्या खातेदाराशी संपर्क साधू शकते, पण त्याच्या संमतीशिवाय ती रक्कम सहसा उलटी फिरवत नाही. म्हणून अशी चूक लक्षात येताच, त्याने पैसे काढून घेण्याआधी, आपल्या बँकेला लेखी कळवावे. एनईएफटी आणि आरटीजीएस करताना समोरच्या खातेदाराचे नाव आधी पाहण्याची सोय एप्रिल २०२५ पासून बँकांना द्यावी लागते. ती दरवेळी वापरावी.

दुकानदाराने परत घेतलेल्या वस्तूचे पैसे दिले नाहीत, तर तो वाद आधी दुकानदाराशी असतो. फसलेल्या व्यवहाराचा नियम तिथे लागू होत नाही.

२. फसलेला व्यवहार: दिवस मोजून मागणी

एटीएमचे उदाहरण घेतले की यंत्रणा समजते. कार्ड एका बँकेचे आणि यंत्र दुसऱ्या बँकेचे असू शकते. कार्ड घातल्यावर यंत्र मधल्या जाळ्यामार्फत ग्राहकाच्या बँकेला विचारते, ती बँक खात्यातून रक्कम वजा करून होकार कळवते आणि मग यंत्र नोटा मोजून बाहेर देते. होकार मिळाल्यानंतर वीज गेली, नोट अडकली किंवा संपर्क तुटला, तर खात्यातून पैसे गेलेले असतात आणि नोटा यंत्रातच राहतात. त्या दिवशीच्या हिशेबात यंत्रात तेवढी रोकड जास्त निघते. म्हणजे पुरावा बँकांकडेच असतो: यंत्राची स्वतःची नोंद, रोकड मोजणीचा ताळा आणि कॅमेऱ्याचे चित्रीकरण.

रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ रोजी काढलेले परिपत्रक १५ ऑक्टोबर २०१९ पासून लागू झाले. व्यवहाराचा दिवस सोडून मोजल्यास एटीएमच्या बाबतीत पाच दिवसांच्या आत रक्कम खात्यात परत आली पाहिजे. दुकानातल्या स्वाइप यंत्रावर कार्ड वापरले, पैसे गेले आणि पावती निघालीच नाही, तरी मुदत पाच दिवसांचीच. यूपीआयने दुकानदाराला केलेल्या फसलेल्या पेमेंटलाही पाच दिवस. यूपीआय किंवा आयएमपीएसने एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पाठवलेली रक्कम पोचली नाही, तर मात्र दुसऱ्याच दिवसापर्यंत ती परत यायला हवी. हे दिवस कॅलेंडरचे आहेत. रविवार आणि सुट्ट्या वगळल्या जात नाहीत. मुदत उलटली की विलंबाच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये बँकेने ग्राहकाला द्यायचे असतात.

समजा, ३ मार्चला एटीएममधून १०,००० रुपये आले नाहीत, पण खात्यातून वजा झाले. शेवटची मुदत ८ मार्च. पैसे परत आले २० मार्चला. विलंब १२ दिवसांचा, म्हणून येणे झाले १०,००० अधिक १,२०० रुपये.

हे १,२०० रुपये ग्राहकाने मागण्याची वाट न पाहता बँकेने स्वतःहून जमा करावेत, असे परिपत्रकात स्पष्ट लिहिले आहे. तरीही मूळ रक्कम परत आली की बहुतेक खातेदार सुटकेचा निःश्वास टाकतात आणि पासबुक मिटतात. भरपाई जमा झाली का, हे बघायचे राहूनच जाते. ती जमा झाली नसेल तर तेवढ्यापुरती वेगळी तक्रार करता येते. रक्कम लहान वाटली तरी ती नियमाने ग्राहकाची आहे.

यंत्र दुसऱ्या बँकेचे असले तरी तक्रार करायची ती आपल्या बँकेकडे, म्हणजे जिने कार्ड दिले तिच्याकडे. ‘एटीएम आमचे नाही, त्या बँकेत जा’ हे उत्तर चुकीचे आहे. दोन बँकांनी आपसांत काय तो हिशेब करावा. ग्राहकाचा करार आपल्या बँकेशी असतो. बँकेने ‘व्यवहार यशस्वी’ एवढेच उत्तर दिले, तर यंत्राची नोंद आणि त्या दिवसाचा रोकड ताळा लेखी मागावा, तसेच चित्रीकरण जपून ठेवण्याची विनंती त्याच अर्जात करावी. चित्रीकरण कायम ठेवले जात नाही, त्यामुळे ही विनंती पहिल्या अर्जातच असावी.

३. आपण न केलेला व्यवहार: तासांचा हिशेब

परस्पर पैसे गेल्याचा संदेश आला की सगळ्यात आधी बँकेला कळवून कार्ड किंवा खाते थांबवावे आणि लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर नोंद करावी. लुटलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात झपाट्याने फिरवली जाते. वेळेत कळले तर ती वाटेतच गोठवता येते. पोलीस ठाण्याची सविस्तर तक्रार त्यानंतर करता येईल.

बँकेच्या जबाबदारीचा नियम ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात आहे. सहकारी बँकांसाठी तसेच परिपत्रक डिसेंबर २०१७ मध्ये निघाले. त्याचा गाभा असा. बँकेच्या हलगर्जीपणामुळे पैसे गेले असतील तर ग्राहकाने कधीही कळवले तरी त्याच्यावर तोटा येत नाही. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, व्यवस्थेत तिसरीकडेच कुठेतरी फट राहिली, तर बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवणाऱ्या ग्राहकावर शून्य तोटा. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवल्यास ठरावीक मर्यादेपर्यंतच तोटा: साध्या बचत खात्यासाठी एका व्यवहारामागे जास्तीत जास्त १०,००० रुपये, मूलभूत बचत खात्यासाठी ५,००० रुपये. सात दिवसांनंतर मात्र बँकेच्या स्वतःच्या धोरणाप्रमाणे.

समजा, मंगळवारी रात्री ६०,००० रुपये गेल्याचा संदेश आला. संदेशाचा दिवस धरायचा नाही. बुधवार, गुरुवार, शुक्रवार हे तीन कामकाजाचे दिवस. शुक्रवारपर्यंत कळवले तर पूर्ण ६०,००० रुपये बँकेने द्यायचे. पुढचा शनिवार महिन्यातला दुसरा असल्याने बँक बंद. म्हणून सोमवारी कळवले तर तो चौथा दिवस ठरतो. आता ग्राहकाचा तोटा १०,००० आणि बँकेने द्यायचे ५०,०००. एका सुट्टीच्या आळसाची किंमत १०,००० रुपये.

ग्राहकाने स्वतःच ओटीपी किंवा पिन कोणाला सांगितला असेल, तर कळवण्याच्या क्षणापर्यंतचा तोटा त्याचा. पण कळवल्यानंतर गेलेला प्रत्येक रुपया बँकेचा, हे फार कमी लोकांना माहीत असते. सव्वादहाला ४०,००० गेले, साडेदहाला ग्राहकाने बँकेला कळवले आणि दहा पन्नासला आणखी ३०,००० गेले, तर ते ३०,००० बँकेने भरून द्यायचे. चूक आपलीच होती या शरमेने गप्प बसणारे लोक ही रक्कमही गमावतात. फसवणूक करणारे सराईत असतात. फसलेल्या माणसाने लाजून वेळ घालवणे म्हणजे त्यांना आणखी मुदत देणे होय.

कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम खात्यात तात्पुरती जमा दाखवायची असते आणि ९० दिवसांच्या आत तक्रारीचा निकाल लावायचा असतो. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर आहे. ‘ओटीपी टाकला गेला, म्हणजे तो तुम्हीच दिला’ हा बँकांचा आवडता युक्तिवाद. ओटीपी वापरला गेला एवढ्यावरून तो ग्राहकानेच दिला असे होत नाही. सिमकार्डची परस्पर अदलाबदल करूनही तो पळवला जातो. म्हणून उत्तरात बँकेने कोणता पुरावा दिला आहे ते बारकाईने पाहावे.

४. बँकेने कापलेले आणि अडवलेले पैसे

इथे नियम बरेच आहेत. नेहमी लागणारे तेवढे पुढे दिले आहेत.

कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मालमत्तेची मूळ कागदपत्रे परत मिळाली पाहिजेत. बँकेमुळे विलंब झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे आणि रकमेच्या दृष्टीने तो सगळ्यांत धारदार आहे. कागदपत्रे हरवली असतील तर नकला मिळवण्याचा खर्चही बँकेनेच करायचा. क्रेडिट कार्ड बंद करण्याची विनंती, थकबाकी नसेल तर, सात कामकाजाच्या दिवसांत पूर्ण व्हायला हवी. नाहीतर दर दिवसाला ५०० रुपये. खात्यात किमान शिल्लक नसल्याच्या दंडामुळे बचत खाते उणे होता कामा नये. मृत खातेदाराची ठेव वारसांना किंवा नामनिर्देशित व्यक्तीला सर्व कागद मिळाल्यापासून १५ दिवसांत द्यायची असते. कागद पूर्ण दिल्याची पोच इथे फार महत्त्वाची, कारण १५ दिवस त्या तारखेपासून मोजले जातात आणि ‘अजून एक कागद हवा’ हे वाक्य वारसांना महिनोन्‌महिने ऐकावे लागते. काय काय लागेल याची यादी पहिल्याच भेटीत लेखी मागावी.

कर्ज देताना गळ्यात मारलेली आयुर्विमा पॉलिसी हाही एक मोठा रोग आहे. पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती कारण देऊन परत करता येते आणि किरकोळ वजावट सोडून हप्ता परत मिळतो. हा अर्ज मात्र बँकेच्या बरोबरीने विमा कंपनीकडेही करावा लागतो.

५. अर्ज कसा असावा

गिरणीत दळणाचा डबा रांगेत ठेवल्याशिवाय नंबर लागत नाही. दारात उभे राहून ‘माझे दळण आहे’ असे कितीदा सांगितले तरी उपयोग नसतो. बँकेतल्या तक्रारीचेही तसेच आहे. तिला नोंद क्रमांक मिळाला, तरच तिचे दिवस मोजले जातात. फोनवर तक्रार केली तर क्रमांक मागून घ्यावा. शाखेत अर्ज दिला तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख घ्यावी. शिक्का देण्यास टाळाटाळ झाली तर तोच अर्ज त्याच दिवशी ईमेलने किंवा रजिस्टर पोस्टाने पाठवावा. पुढे कुठेही गेले तरी पहिला प्रश्न येतो तो ‘बँकेला लेखी कधी कळवले?’ हाच.

अर्ज एका पानापेक्षा मोठा नको. त्यात घडलेली गोष्ट, तारीख-वेळ, रक्कम, व्यवहार क्रमांक, लागू नियम आणि नेमकी मागणी असावी. रागाचे शब्द, कर्मचाऱ्यांच्या वागणुकीचे वर्णन, आजवरच्या फेऱ्यांची कहाणी यांनी पान भरते आणि मागणी हरवते. वर पाहिलेल्या एटीएमच्या उदाहरणाचा अर्ज असा लिहिता येईल:

‘विषय: एटीएम व्यवहार फसूनही खात्यातून वजा झालेले १०,००० रुपये व विलंबाची भरपाई मिळण्याबाबत. महोदय, दि. ३ मार्च रोजी सायंकाळी ६.४० वाजता अमुक ठिकाणच्या एटीएममधून १०,००० रुपये काढण्याचा प्रयत्न केला असता नोटा मिळाल्या नाहीत; मात्र माझ्या बचत खात्यातून रक्कम वजा झाली. व्यवहार क्रमांक व खातेउतारा सोबत जोडला आहे. रिझर्व्ह बँकेच्या दि. २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार ही रक्कम दि. ८ मार्चपर्यंत परत जमा होणे आवश्यक होते. ती आज दि. १० मार्चपर्यंत जमा झालेली नाही. तरी मूळ रक्कम आणि दि. ९ मार्चपासून रक्कम जमा होईपर्यंत दररोज १०० रुपये याप्रमाणे भरपाई जमा करावी. तक्रार अमान्य असल्यास यंत्राची नोंद व रोकड ताळ्याची प्रत द्यावी, तसेच संबंधित चित्रीकरण जपून ठेवावे.’

अर्ज मराठीत दिला तरी चालतो. त्यात खाते क्रमांक लिहावा, पण पिन, ओटीपी, पासवर्ड किंवा कार्डामागचा तीन आकडी क्रमांक कधीही लिहू नये. खऱ्या तक्रारीला त्यांची गरज नसते. बँकेचा दूरध्वनी क्रमांक इंटरनेटवर शोधून लावू नये. शोधात वर येणारे ‘कस्टमर केअर’ क्रमांक अनेकदा भामट्यांनी पेरलेले असतात आणि गेलेले पैसे परत मागणारा माणूस त्यांना आयता सापडतो. कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर छापलेला क्रमांकच वापरावा.

६. बँकेच्या आतल्या पायऱ्या

शाखेकडून आठवडाभरात काही हालचाल झाली नाही, तर त्याच तक्रार क्रमांकाचा उल्लेख करून बँकेच्या नोडल अधिकाऱ्याकडे, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे, लिहावे. त्यांची नावे आणि पत्ते शाखेतल्या फलकावर आणि बँकेच्या संकेतस्थळावर असतात. नवी तक्रार नोंदवण्याचा मोह टाळावा. दर वेळी नवा क्रमांक घेतला की दिवसांची मोजणी कुठून करायची यावरच वाद होतो.

दहा किंवा त्यापेक्षा अधिक शाखा असलेल्या बहुतेक बँकांमध्ये अंतर्गत लोकपाल असतो. त्या बँकेत नोकरी केलेली व्यक्ती या पदावर नेमता येत नाही. ग्राहकाला त्याच्याकडे थेट जाता येत नाही, पण बँक तक्रार पूर्णतः किंवा अंशतः फेटाळणार असेल तर ग्राहकाला कळवण्याआधी ती त्याच्याकडे पाठवणे तिला बंधनकारक आहे. म्हणून नकाराचे पत्र आले की त्यात अंतर्गत लोकपालाने तक्रार पाहिल्याचा उल्लेख आहे का, ते तपासावे. नसेल तर पुढच्या तक्रारीत हा मुद्दा ठळकपणे मांडावा.

७. रिझर्व्ह बँकेचा लोकपाल

बँकांविरुद्ध लोकपालाची योजना भारतात पहिल्यांदा १९९५ मध्ये आली. १२ नोव्हेंबर २०२१ पासून बँका, वित्त कंपन्या आणि डिजिटल व्यवहार यांच्या तीन वेगळ्या योजना एकत्र करून ‘एकात्मिक लोकपाल योजना’ सुरू झाली. पूर्वी कोणत्या शहरातल्या लोकपालाकडे जायचे हे ग्राहकाला शोधावे लागे. आता सगळ्या तक्रारी एकाच ठिकाणी येतात आणि पुढे वाटल्या जातात. ‘सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन’ या संकेतस्थळावर तक्रार भरता येते, किंवा कागदावर लिहून चंदीगडच्या सेक्टर १७ मधील रिझर्व्ह बँकेच्या केंद्रीकृत तक्रार केंद्राकडे पोस्टाने पाठवता येते. माहितीसाठी १४४४८ हा विनामूल्य क्रमांक आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते. या सगळ्याला एक रुपयाही फी नाही. तक्रारदाराच्या वतीने वकिलाला तक्रार करता येत नाही. मात्र मुलगा, सून, शेजारी अशा कोणालाही लेखी अधिकार देता येतो. वयस्कर खातेदारांसाठी ही सोय मोलाची आहे.

लोकपालाकडे जाण्याची मुख्य अट अशी: आधी बँकेकडे लेखी तक्रार झालेली हवी आणि बँकेने ती फेटाळलेली हवी, किंवा ३० दिवस उत्तरच दिलेले नको, किंवा दिलेले उत्तर असमाधानकारक हवे. १० मार्चला तक्रार दिली आणि उत्तर आलेच नाही, तर ९ एप्रिल उलटल्यावर दार उघडते. घाईने तिसाव्या दिवसाच्या आत केलेली तक्रार गुणदोष न बघताच बंद होते. २०२१ च्या योजनेत वरची मुदतही घालून दिली: बँकेचे उत्तर आल्यापासून एक वर्ष, उत्तर न आल्यास तक्रारीपासून एक वर्ष आणि ३० दिवस. मुदती आणि रकमांच्या मर्यादा रिझर्व्ह बँक वेळोवेळी बदलते, म्हणून अर्जाच्या दिवशी संकेतस्थळावरचा मजकूर वाचून घ्यावा आणि शेवटच्या तारखेपर्यंत थांबू नये. तोच विषय न्यायालयात किंवा ग्राहक आयोगात चालू असेल तर लोकपाल तो घेत नाही. कर्ज का नाकारले, व्याजदर अमुकच का, असे बँकेच्या व्यावसायिक निर्णयांचे वादही तो घेत नाही.

तक्रार दाखल झाली की लोकपाल बँकेकडून कागदपत्रांसह म्हणणे मागवतो आणि आधी समेट घडवून पाहतो. बरीच प्रकरणे इथेच सुटतात, कारण शाखेत कोणी न उघडलेली फाइल आता मुख्य कार्यालयाला उघडावी लागते. समेट झाला नाही तर तो निवाडा देतो. २०२१ च्या योजनेप्रमाणे वादातल्या रकमेला वरची मर्यादा नाही. त्या चुकीमुळे झालेल्या पुढच्या नुकसानीसाठी २० लाखांपर्यंत आणि वेळ, खर्च, मनस्ताप यांसाठी आणखी एक लाखापर्यंत भरपाई देता येते. म्हणून मनस्तापाची भरपाई हवी असेल तर ती तक्रारीत आकड्यासह मागावी आणि प्रवासखर्च, बुडालेली मजुरी, डॉक्टरांची चिठ्ठी असे जे असेल ते जोडावे. निवाडा मिळाल्यावर तो मान्य असल्याचे पत्र ३० दिवसांत दिले नाही, तर तो निवाडाच रद्द होतो. जिंकलेले प्रकरण या एका पत्राअभावी हातचे जाऊ शकते. निवाडा मान्य नसेल तर त्याच ३० दिवसांत अपील करता येते.

८. सहकारी बँक आणि पतसंस्था

महाराष्ट्रात ही गल्लत फार होते आणि ती महागात पडते. नागरी सहकारी बँकेला रिझर्व्ह बँकेचा परवाना असतो. ५० कोटी रुपये किंवा अधिक ठेवी असलेल्या नागरी बँका २०२१ च्या योजनेतच लोकपालाच्या कक्षेत आल्या. राज्य सहकारी आणि जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका १ नोव्हेंबर २०२५ पासून त्यात घेतल्या गेल्या. पतसंस्था मात्र बँक नव्हे. तिच्यावर रिझर्व्ह बँकेचे नियंत्रण नाही, तिथल्या ठेवींना ठेव विमा महामंडळाचे संरक्षण नाही आणि लोकपाल तिची तक्रार घेत नाही. पतसंस्थेविरुद्ध तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे किंवा जिल्ह्याच्या उपनिबंधकाकडे जावे लागते; ती बहुराज्यीय असेल तर केंद्रीय निबंधकांकडे.

बँकेवरच रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले असतील, जसे सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर आणले होते, तर तक्रार करून ठेव मोकळी होत नाही. तिथे ठेव विम्याचा मार्ग आहे: व्याजासह पाच लाख रुपयांपर्यंत, आणि २०२१ च्या कायदा दुरुस्तीनंतर निर्बंध लागल्यापासून साधारण ९० दिवसांत. त्यासाठी बँकेने मागितलेला दावा अर्ज वेळेत भरून द्यावा.

९. लोकपालानंतर

लोकपालाने तक्रार फेटाळली म्हणजे रस्ता संपत नाही. मुंबईतल्या एका कंपनीच्या खात्यातून ७६.९० लाख रुपये परस्पर गेले. बँकेने हात वर केले, लोकपालानेही दाद दिली नाही. जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ च्याच परिपत्रकाचा आधार घेऊन ती रक्कम परत करण्याचा आदेश बँकेला दिला. ग्राहकाचा हलगर्जीपणा दाखवणारा पुरावा नव्हता आणि कंपनीने बँकेला व सायबर पोलिसांना वेळेत कळवलेले होते.

उच्च न्यायालय प्रत्येकाला परवडणारे नाही. सर्वसामान्य खातेदारासाठी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, बँकेचे मुख्यालय कुठेही असो. सेवेसाठी मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि तक्रार ऑनलाइनही भरता येते. ग्राहकाने लिहिलेले अर्ज, शिक्का असलेल्या प्रती, तक्रार क्रमांक आणि बँकेची उत्तरे तारखेप्रमाणे लावली की आयोगापुढची निम्मी तयारी झालेली असते. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हायला हवी. उशीर झाल्यास त्याचे सबळ कारण आयोगाला पटवून द्यावे लागते. आयोगापुढे वकील लावण्याची सक्ती नाही. ग्राहक स्वतःची बाजू स्वतः, मराठीत मांडू शकतो.